दाजी आणि रसायनशास्त्राचे सर

दारू सोडवण्याचे काम करणाऱ्याने दारूविषयी अवाक्षर काढू नये, हा नियम जगात एकाच माणसाने पाळला असेल, तर तो माझ्या दाजींनी. दाजी म्हणजे अक्काचे यजमान. लातुरात एका भुसार दुकानाच्या माडीवर, दोन खोल्यांत त्यांचे व्यसनमुक्ती केंद्र होते. येणाऱ्याला ‘किती घेता?’ असे ते कधीच विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न असे, “तुमच्यावर रुसतं कोण?” माणूस गोंधळून बायकोचे किंवा आईचे नाव घेई आणि दाजी निर्धास्त होत. “कुणीच न्हाई” असे उत्तर आले, की मात्र ते खुर्ची पुढे ओढून घेत.

हे शास्त्र ते भूकंपानंतर शिकले. त्या वेळी ते पुनर्वसनाच्या कामावर होते. पत्र्याच्या शेडमध्ये लोक पाण्यावरून भांडत, रुसत, पुन्हा एका चुलीपाशी बसत आणि दुःख कसेबसे निभावत. पुढे सरळ रेषेत आखलेल्या नव्या गावात पक्की घरे मिळाली, पण जुना शेजार विखुरला. आणि त्या रुंद रस्त्यांवर काही जण एकेकटे पिऊ लागलेले दाजींनी पाहिले. त्यावरून त्यांनी असे ठरवले, की बाटली ही पिणाऱ्याची सोबत असते. दुसरी सोबत दिल्याशिवाय ती काढून घेणे म्हणजे त्याला पुन्हा एकटे करणे.

एखादा रुग्ण यायचा थांबला, की लग्नघरी रुसलेल्या जावयाची समजूत काढावी तसे दाजी टॉवेल-टोपी घेऊन त्याच्या दारात हजर होत. याचा व्हायचा तो परिणाम झाला. चाकूरच्या एका गृहस्थांनी फोन केला, “दाजी, म्या रुसलोय.”

“पिऊन का बिनपिता?”

“बिनपिता. पण लई रुसलोय.”

“मंग येतो. जेवायला काय हाय?”

अक्का म्हणे, “गावभरच्या बेवड्यांना आहेर करत सुटलेत, मला साधी साडी न्हाई.” त्यावर दाजींचे उत्तर तयार असे, “तू पित न्हाईस ना.”

शिकवणी वर्गांना बहर आला, त्या काळात त्यांच्याकडे रसायनशास्त्राचे एक सर आले. शेकडो मुले त्यांच्या तासाला दाटीवाटीने बसत. पण त्यांचे नाव कुणाला ठाऊक नव्हते, सारे नुसते ‘सर’ म्हणत. तास संपला, की सर खोलीत एकटे पीत. पत्नी मुलीला घेऊन मुखेडला माहेरी गेली होती. दारू सुटली तर परत येईन आणि पुन्हा घेतलीत तर कायमची इथेच राहीन, असे तिने स्पष्ट सांगितले होते.

दाजी रोज संध्याकाळी सरांकडे जेवायला जाऊ लागले. सर खिचडी करीत, दाजी तिला नावे ठेवीत. एके दिवशी सरांनी ताट सरकवून तोंड फिरवले. दाजी धावतच माझ्या, म्हणजे एका शाळामास्तराच्या, घरी आले आणि बोर्डाचा निकाल सांगावा तसे म्हणाले, “मास्तर, सर रुसला!”

सरांची दारू खरोखरच सुटली. काही महिन्यांनी मुखेडहून निरोप आला, की आम्हाला न्यायला या. सर लगोलग दाजींकडे आले. मीही तिथेच बसलो होतो.

“दाजी, तुम्ही बी चला. तुमच्याबिगर माझा पाय उचलत न्हाई.”

“मी येत न्हाई.”

“नुस्तं दारापर्यंत.”

“न्हाई म्हणलं ना! जावा.”

सर लाल होऊन निघून गेले. स्टँडच्या वाटेवर दारूची दुकाने होती, हे तिघांनाही ठाऊक होते. मी न राहवून म्हणालो, “दाजी, तो आता तिथेच शिरला तर?”

“शिरंल बी,” दाजी म्हणाले. “पण म्या गेलो तर बायकोच्या दारात बी तो मलाच धरून उभा राहील. मंग म्या बी बाटलीच की, मास्तर. फकस्त बोलणारी.”

त्या दुपारी दाजी जेवले नाहीत. दिवेलागणीला मुखेडहून फोन आला. सर सांगत होते, की पत्नी अजून एक शब्द बोललेली नाही, पण तिने पिशव्या भरल्या आहेत. सकाळच्या गाडीने तिघे निघणार. “बोलू नका तिच्याशी, बसा नुस्तं जवळ,” एवढे सांगून दाजींनी फोन ठेवला आणि अक्काकडे ताट मागितले.

सर त्यानंतर हळूहळू यायचे थांबले. बरे झालेले लोक येत नाहीत, हेच या कामाचे यश, असे दाजी सांगत. सांगताना ते खिडकीबाहेर पाहत. गेल्या वर्षी आम्ही दोघे सायंकाळी फिरत सरांच्या गल्लीतून गेलो. आत दिवा होता, फोडणीचा वास येत होता आणि मुलगी बापाशी कशावरून तरी मोठ्याने हुज्जत घालीत होती. दाजी थांबून ऐकत राहिले.

“जायचं का आत?” मी विचारले.

“नको. जेवायच्या वक्ताला गेलं की ताट वाढावं लागतं त्यांना.”

कोपऱ्यावर नळासाठी रस्ता खोदला होता. चर ओलांडताना दाजींनी माझा हात धरला. पुढे रस्ता अगदी सपाट होता. तरी घर येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही, आणि मीही सोडवून घेतला नाही.