शांततेची कविता आणि सोमवारचा नारळ

पुण्याहून अकोल्याला इंग्रजी शिकवायला आलो तेव्हा मला दोन गोष्टींचा फार अभिमान होता. एक माझे इंग्रजी उच्चार आणि दुसरी माझी पगडी. वऱ्हाडच्या उन्हात पगडी महिन्याभरात ढिली झाली. उच्चार कसे होते हे सांगू शकेल असं गावात कुणी नव्हतं, म्हणून ते टिकले.

शाळेतला वरचा इंग्रजी वर्ग कापसाच्या अडत्यांनी वर्गणी काढून चालवला होता. "कापूस चालला तोवर वर्ग चालला," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी पान देत सांगितलं होतं. मी पान खाल्लं आणि ते बोलणं विसरलो.

साहित्य जगण्याशी जोडलं पाहिजे, असं माझं एक मत होतं. मतं माझ्याकडे तेव्हा पुष्कळ होती. आमच्या वाचनमालेत शांततेवर एक लांबलचक कविता होती. लढाई संपते, शिपाई घरी येतो, मुलं फाटकापर्यंत धावत जातात, अशी. ते धावण्याचं कडवं मी दोन दिवस शिकवलं, म्हणजे त्यातली क्रियापदं शिकवली. मग फर्मान सोडलं, "शांततेमुळे आपल्या घरात काय सुख आलं, ते उद्या प्रत्येकाने इंग्रजीत सांगायचं."

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाने वाचनमालेत डोकी खुपसली. शेवटी अकोटकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा उभा राहिला. मावशीकडे राहून शिकत होता. वर्गात इंग्रजीची खरी गोडी त्या एकट्यालाच होती.

"मास्तर, शांतता आमच्या घरी चालत नाही."

"का रे?"

"अमेरिकेत लढाई चालू हाये, तिकडचा कापूस बंद हाये, म्हून त आमचा कापूस विलायतेले जाऊन राहिला. ते सरली की बाबा मले शाळेतून काढतीन अन् वखरावर धाडतीन. माय त दर सोमवारी महादेवाले नारळ फोडते, लढाई चालू राहू दे म्हून."

कुणी हसलं नाही. उलट सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाची आजी नवस बोलली होती, कुणाच्या काकांनी अभिषेक मांडला होता. मी भयंकर चिडलो आणि मानवजातीच्या बंधुत्वावर इंग्रजीत तासभर बोललो. त्यातलं निम्मं मलाही कळलं नाही.

घरी आल्यावर हा अधर्म बायकोला ऐकवला. ती तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, तुमचा वर्ग तरी कशावर चालतो? त्या माउलीच्या नारळात आपलाही वाटा आहेच की."

वाटा खरोखरच मिळू लागला. गावाकडून कुणी आलं की त्या मुलाची आई प्रसादाचं खोबरं पाठवी आणि तो भाबडेपणाने पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवी. तो तुकडा खात खात मी शांततेची उरलेली कडवी शिकवली. खोबरं गोड असे.

मग ऐन उन्हाळ्यात मुंबईहून तार आली. लढाई संपली. कापसाच्या बाजारात एरवी कानठळ्या बसायच्या, तिथे त्या दिवशी बैलांच्या घंटा ऐकू येत होत्या. आठवड्याच्या आत अडत्यांचा निरोप आला की वर्ग या महिन्यापुरताच. ह्या वेळी पान नव्हतं.

आता पुण्याला कोणत्या तोंडाने जायचं? मेहुण्याला तर नुकतंच लिहून बसलो होतो की वऱ्हाडात माझ्यावाचून इंग्रजीचं पान हलत नाही. त्या अमेरिकनांचा मला मनस्वी राग आला. चार वर्षं लढलात, आणखी एक हंगाम दम धरवला नाही? शांततेची कविता शिकवणारा मी, मनातल्या मनात नारळच फोडत होतो.

महिनाअखेरीस तो मुलगा निरोप घ्यायला आला. बाहेर त्याच्या वळकटीसकट छकडा उभा होता. त्याने वाचनमाला पुसून माझ्यापुढे ठेवली. आता हा रडणार, म्हणून मी दोन भारदस्त वाक्यं तयार ठेवली होती.

"मास्तर, एक इचारू?"

"विचार."

"तिकडच्या पोरांचे बाप आता घरी आले असतीन, नाही? त्या कवितेतल्यावानी. पोरं फाटकापर्यंत धावली असतीन."

त्या लढाईत माणसं होती, हे इतक्या दिवसांत माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मला फार लाज वाटली. शाळा सुटली होती त्याची, वखर हाकायला चालला होता तो, आणि विचारत होता हे.

"आले असतील," मी म्हणालो.

तो खूश झाला. सवयीने माझ्या तोंडावर आलं होतं की हेच आता इंग्रजीत म्हणून दाखव. मी गप्प बसलो. अकोल्याच्या साऱ्या नोकरीत माझ्याकडून चांगलं शिकवणं झालं ते तेवढंच.