पेनांगला मी एकटीच गेले होते

भूत, भानामती, करणी... असलं काही सांगणाऱ्या बायकांची मी जन्मभर टिंगल केली. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की चहाचा कप घेऊन खिडकीत बसायचे — फुकटची करमणूक! आता माझीच गोष्ट सांगायची वेळ आलीये. हसा खुशाल.

आम्ही सोलापूरचे, साखर पेठेतले. काही वर्षांपूर्वी लेकानं मलेशियातल्या पेनांग बेटाची टूर बुक करून दिली. तेव्हाची मी म्हणजे काय विचारू नका — साठी उलटलेली, साडीखाली पांढरे स्पोर्ट शूज, आणि विमानतळ आपल्याचसाठी बांधलाय असा रुबाब.

लेक म्हणाला, "मोठ्या आईलापण ने की." मोठी आई म्हणजे माझी थोरली जाऊ, अक्का. भिंतीला भिंत लागून राहते. इतकी वर्षं एका चुलीवर काढली, अहो-जाहो कधीच गळून पडलं. पण तिचे गुडघे... चार पावलं चालली की टेकायला जागा शोधते. माझ्या शूजना ते परवडणार नव्हतं. मी सरळ सांगितलं, "अक्का, सीटा भरल्या गं."

तिनं समुद्र कधीच बघितला नव्हता.

"व्हय का? मग तू तरी जा की," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी कडक भाकऱ्या, शेंगाचटणी करून दिली. डबा घेताना मी तिच्याकडे बघितलंच नाही.

पेनांगच्या जुन्या शहरात भिंतींवरची चित्रं बघायला सायकलरिक्षा केली. रिक्षावाला मला 'सरका, सरका' अशी खूण करायला लागला. मी म्हटलं, "वन!" त्यानं माझ्या शेजारी बघून दोन बोटं वर केली. वाटलं, लुबाडतोय. किल्ल्याच्या दारातही तेच — "टू?" पाण्यात खांबांवर उभी राहिलेली लाकडी घरं आहेत, तिथं शहाळं घेतलं, तर बाईनं दोन नळ्या घातल्या. मी एक उपसून फेकली. शहाणी ना मी!

मग डोंगरावरचं बुद्धाचं देऊळ. पायऱ्याच पायऱ्या, आणि मी ग्रुपमध्ये सगळ्यांच्या पुढे. वाटेत कासवांचं तळं लागलं. त्यांना घालायला भाजीची जुडी घेतली, तेव्हा भाजीवाल्या म्हातारीनं एक स्टूल आणून माझ्याजवळ ठेवलं. मी बसायला गेले — तर तिनं हातानं मला अडवलं. माझ्या मागे बघून हसली, आणि स्टूलावर थोपटलं... बसा म्हणून.

मागे कुणी नव्हतं. मी पळत सुटले.

घरी परत आल्यावर अक्काकडे गेले. तिला फोन केला नव्हता, एक फोटोही पाठवला नव्हता — कुठल्या तोंडानं पाठवणार? ती मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसलेली. पाय टम्म सुजलेले, टाचांना फोड.

"कुटं गेल्या न्हाईत, पडूनच हुत्या, आन् पाय बघा की!" तिची सून म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

अक्का हळूच म्हणाली, "कासवापाशी जरा टेकू द्यायचं हुतंस गं."

मी म्हटलं, "अक्का... त्या सीटा..."

"ठाव हाय." तिनं पाय पाण्यातून काढले. "फुडच्या टायमाला हळू चाल."

डॉक्टरांनी सूज बीपीच्या गोळ्यांवर ढकलली. फोडांचं काय, तर उष्णता म्हणे. कासवांचं मी त्यांना विचारलं नाही.

त्या वर्षीच तिला मालवणला नेलं. किनाऱ्यापर्यंत ती जिथं टेकली तिथं मीही टेकले. पेनांगचा समुद्र कसा निळाशार, हे मी गल्लीभर सांगितलं होतं. खरं म्हणजे त्या घरांखालचं पाणी गढूळ, चहासारखं... पण ते कोण सांगतंय!

अक्का लाटांकडे बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या मांडीवर चापट मारून म्हणाली, "ह्यो त्याच्यापरास लई निवळ हाय, न्हाय का?"