कुंदाताई आणि न उघडणारं यंत्र

कुंदाताई गेल्याचा फोन एकोडी गावाहून आला, त्याला आता पाच आठवडे झाले. ही माझी चुलत बहीण. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेली, पर्समध्ये पेचकस बाळगणारी आणि समोरच्याचा मूर्खपणा त्याच्या तोंडावर सांगणारी. तिची बोलणी सर्वांत जास्त मी खाल्ली, आणि ती मी कमावलेलीच होती.

माझी बायको माधुरी भंडाऱ्यात रेशमी साड्यांच्या काठांची नक्षी संगणकावर काढते. तिच्यासाठी नवा संगणक घ्यायचा ठरला तेव्हा ताई म्हणाली, "सुटे भाग आनून जुळवू. एक बिघडला तं एकच बदलता येते." मला तो बोजड डबा आणि वायरींचा गुंता घरात नको होता. दुकानदारानं पडद्यातच सगळं बसवलेलं देखणं यंत्र दाखवलं. "साहेब, एकच वायर!" एवढ्यावर मी भुललो. वर म्हणे ग्राहकाला निवड असते... निवड कसली, पांढरं हवं की काळं, एवढीच!

तिसऱ्या वर्षी ते बंद पडलं. आतला मुख्य बोर्ड गेला होता आणि साठवणीची चिपही त्याच बोर्डावर सोल्डरनं कायमची जोडलेली. सर्व्हिसवाल्यानं जांभई देत सांगितलं, पूर्ण बोर्ड बदलावा लागेल, आतलं काही मिळणार नाही. दुसरीकडे प्रत ठेवायची अक्कल आम्हा दोघांनाही नव्हती. तीन वर्षांची नक्षी गेली. माधुरी रडली नाही. तिनं ताईला फोन लावला.

ताई आली. यंत्र उलटंपालटं केलं, तर तिला एकही स्क्रू दिसेना. "तुले कम्प्युटर कुठं घ्याचा होता? तुले घराले शोभा पाहिजे होती! शर्ट घेतानी शिवण ओढून पाहतोस, अन् हे उघडते का म्हणून इचाराले तुले लाज वाटली?"

"मी आणतो ना आता सुटे भाग," मी पुटपुटलो.

"तू कोनत्याच दुकानात जाऊ नको."

भाग तिनंच आणले. जमिनीवर चादर अंथरून माधुरीला समोर बसवलं. "लाव तुह्या हातानं."

"तुटलं तं, ताई?"

"तुटलं तं तेवढंच नवं आनू."

दोन डिस्क बसल्या, एक फक्त प्रतींसाठी. मग माधुरी महिनाभर विणकरांच्या घरी फिरली, विणून झालेल्या काठांचे फोटो घेऊन नक्षी पुन्हा काढत बसली. निम्मीअर्धी परत आली. बाकीची... गेली ती गेलीच.

गेल्या आठवड्यात तो संगणक सुरूच होईना. कुणाला बोलवू, असं मी म्हणेपर्यंत माधुरीनं बाजूचं झाकण काढलं, रॅमची पट्टी उपसली, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले आणि खट्ट आवाज येईपर्यंत दाबून बसवली. पडदा उजळला. मी बॅटरीचा उजेड धरून उभा होतो. मला कुणी काही विचारलं नाही.