भोंगा आणि भिंतीजवळचा नळ

सायरन वाजला तेव्हा मी कंट्रोल रूममध्ये चहाचे कप ठेवत होते. तिथं भिंतीवर कॅमेऱ्याचे टीव्ही आहेत. सगळे साहेब एकाच टीव्हीकडे बघत होते. त्यात आमच्या गावच्या बाया दिसत होत्या. बाजूच्या शेतात त्या हरभरा सोंगत होत्या.

सायरन ऐकून त्यांनी शेत सोडून टेकाडाकडे जायचं होतं. त्या उठल्या. विळे पदराला पुसले. डबे घेतले आणि सरळ कंपनीच्या भिंतीकडे चालत आल्या.

"हे काय चाललंय?" मोठे साहेब म्हणाले.

टीव्हीत बाया भिंतीजवळच्या लिंबाखाली बसल्या. एकीने नळाखाली कॅन लावली. दुसरीने तीन दगड मांडून काटक्या पेटवल्या. ती माझी मोठी जाऊ होती, शांताबाई. तिला गार भाकर चालत नाही.

अकोल्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनी चष्मा काढला आणि वहीत काहीतरी लिहिलं. आमचे सेफ्टी ऑफिसर पाटोळे साहेब खाली बघत होते.

आमची कंपनी वीज बनवते. कोळशावर नाही, गॅसवर. गॅस जमिनीखालच्या मोठ्या पाइपातून येतो. धूर दिसत नाही, म्हणून गावात बऱ्याच जणांना वाटतं की कंपनी बंदच असते. खरं म्हणजे ती रोज चालतही नाही. वरून फोन आला की चालू करतात. उन्हाळ्यात अमरावती-अकोल्यात कूलर लागले की रोज चालते. मी तिथं झाडूपोछा करते आणि चहा देते. सहा वर्षं झाली. ट्रेनिंगच्या खोलीत पोछा मारताना जे कानावर पडलं, त्यातलं पुष्कळ माझ्या लक्षात राहिलं.

त्यातलीच एक गोष्ट सांगते. घरच्या सिलिंडरच्या गॅसला वास असतो, तो मुद्दाम घातलेला असतो. आमच्या पाइपातल्या गॅसला वास नाही. तो गळला तर नाकाला कळत नाही, मशीनला कळतं. मशीनला कळलं की सायरन वाजवायचा. गॅस कंपनीत येतो त्या जागेला गॅस स्टेशन म्हणतात. सिलिंडरवर रेग्युलेटर असतो ना, तसाच तो फार मोठा रेग्युलेटर समजा. हे गॅस स्टेशन त्या लिंबाच्या झाडामागे, भिंतीच्या आतल्या बाजूला आहे.

म्हणजे खरंच गॅस गळला असता तर सायरन ऐकून आमच्या बाया बरोबर त्याच्याच जवळ येऊन चूल पेटवणार होत्या.

त्या दिवशी गळती नव्हती. त्याला मॉक ड्रिल म्हणतात. खोटं खोटं संकट करायचं आणि लोक कसे वागतात ते बघायचं.

ड्रिल संपल्यावर मीटिंग बसली. मी पुन्हा चहा घेऊन गेले.

"पाटोळे, गावात किती मीटिंगा घेतल्या?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"चार, सर. ग्रामपंचायतीत. फोटो आहेत."

"मग?"

"सर, सगळ्यांना समजावलं होतं. सरळ आवाज म्हणजे टेस्ट. वर-खाली आवाज म्हणजे धोका."

"समजावलं होतं आणि बाई भिंतीला चूल लावते." मोठे साहेब हळू बोलत होते. "आधीच्या प्लांटमध्ये मी जळालेली माणसं पाहिलीत. माझ्या भिंतीपाशी मला एकही माणूस नको. उद्या तारेचं कंपाउंड घाला. तो बाहेरचा नळ आजच बंद करा. नळ नाही तर कोणी येणार नाही."

मी ट्रे टेबलावर ठेवला.

तो नळ म्हणजे काय, ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. गावात किडनीचा त्रास घरोघर आहे. शांताबाईचे मालक, म्हणजे माझे भासरे, तीन वर्षांपासून आजारी आहेत. डॉक्टरांनी सांगितलंय, पाणी गोडच पाजा. कंपनीने गावासाठी म्हणून तो नळ बाहेर काढून दिला होता. शांताबाई रोज तिथं जेवते आणि संध्याकाळी दोन कॅन भरून घरी नेते. त्या दोन कॅनवर त्या घराचं सगळं चालतं.

मी कप ठेवले आणि बाहेर आले. साहेबांच्या मीटिंगमध्ये आपण बोलत नाही. तसं कोणी सांगितलेलं नव्हतं, पण सहा वर्षांत मी तिथं "साखर कमी की जास्त" एवढंच बोलले होते.

थोड्या वेळाने पाटोळे साहेब पाणी प्यायला बाहेर आले. माणूस सांगलीकडचा, तरुण, कधी आवाज न चढवणारा. मी म्हणाले, "सायेब, एक सांगू काय?"

"सांगा मावशी."

"बाया चुकल्या नाईत. त्यांले वाटलं बारा वाजले."

"म्हणजे?"

"तुमी रोज बारा वाजता भोंगा वाजवता ना, टेस्टचा. गावात तो जेवणाचा भोंगा हाय. भोंगा झाला का विळा ठेवाचा, भिंतीजवळ जाचं, जेवाचं. चार वर्षं झाली असं चालून राहिलं."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "आज तर सव्वाअकराला वाजला. आणि आवाज वर-खाली होता."

"शेतात घड्याळ कोण पायते, सायेब? आन् वर-खाली झाला तरी भोंगा तो भोंगाच."

"पण मी चार मीटिंगा…"

"त्या सकाळी अकरा वाजता घेतल्या तुमी. अकरा वाजता बाया वावरात राह्यतात. ग्रामपंचायतीत जे बसले होते, ते रोजच तिथी बसतात."

पाटोळे साहेब हसले नाहीत. ग्लास ठेवला आणि म्हणाले, "आत चला. हे तुम्हीच सांगा."

मी नाही म्हणाले. ते म्हणाले, मी सांगितलं तर साहेबांना वाटेल मी सबब काढतोय. ते खरं होतं. म्हणून मी गेले. दाराजवळच उभी राहिले. कोणाकडे बघवत नव्हतं म्हणून टेबलावरच्या बिस्किटांकडे बघत सगळं सांगितलं.

मोठ्या साहेबांनी मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. मग बाराची टेस्ट बंद करू."

"सर, टेस्ट बंद केली तर सायरन बिघडलेला कळणार नाही," पाटोळे साहेब म्हणाले.

मी म्हणाले, "भोंगा बंद केला तरी बाया येतीनच. पाणी इथी हाय."

"म्हणून तर नळ बंद करतोय, मावशी."

"नळ बंद केला तं खारं पाणी पेतीन." मग भासऱ्यांचं सांगितलं. आणि एकदम जे सुचलं तेही बोलून टाकलं. "नळ टेकाडावर न्या, सायेब. तुमची ती हिरवी पाटी हाय ना, तिच्यापाशी. सावलीले वर टिना टाका. मंग भोंगा रोज वाजू द्या. बाया जेवाले तिकडंच जातीन. त्यांले शिकवाच लागत नाई."

हिरवी पाटी म्हणजे असेम्ब्ली पॉइंट. संकटात सगळ्यांनी जिथं जमायचं, ती जागा. वारा बहुतेक करून टेकाडाकडून कंपनीकडे वाहतो, म्हणून ती तिथं ठेवली होती. जागा बरोबर होती. फक्त तिथं ना झाड, ना पाणी. पाटीखाली मी कधी कुत्रंही बसलेलं पाहिलं नव्हतं.

बांधकामाचं बघणारे सिव्हिलचे साहेब म्हणाले, "पाइप बराच लांब न्यावा लागेल सर. चढ आहे. पंप लागेल. पंपाला वीज…"

"वीज आहे आपल्याकडे," मोठे साहेब म्हणाले.

तपासणीचे साहेब तेवढ्यात पहिल्यांदा हसले.

पण गोष्ट लगेच सरळ झाली नाही. जुना नळ दुसऱ्याच दिवशी बंद झाला आणि भिंतीला तार आली. नव्या नळाला बारा दिवस लागले. ते बारा दिवस माझ्या घरात फार वाईट गेले.

शांताबाई पहिल्या संध्याकाळी रिकाम्या कॅन घेऊन माझ्या अंगणात आली. "काहून वं, नळ तूच बंद कराले लावला म्हणतात?"

"बंद नाई बाई, तिकडं नेऊन राहिले."

"तिकडं कोठी? टेकाडावर? जेवाले टेकाड चढू काय आता मी? गुडघे काय तुह्या कंपनीनं दिले मले?"

"धोका हाय तिथी. गॅस गळला तं…"

"चार वर्षं जेवलो, नाई गळला. तू आत जाऊन शाहानी झाली अन् आमी बाहेर तहानेलो." कॅन तिथंच टाकून ती गेली.

दुसऱ्या दिवशी मी पाटोळे साहेबांना विचारलं आणि कॅन्टीनच्या नळावरून दोन कॅन भरून घेतल्या. गेटवर सिक्युरिटीने अडवलं. आतली वस्तू बाहेर न्यायची तर गेट पास लागतो. पाटोळे साहेबांनी पास लिहिला. वस्तूच्या रकान्यात लिहिलं, पाणी. सिक्युरिटीवाला म्हणाला, असा पास जिंदगीत पाहिला नाही. बारा दिवस तो रोज पास बघायचा आणि रोज हेच म्हणायचा. कॅन मी शांताबाईच्या दारात ठेवून यायची. ती आत असायची, पण बाहेर यायची नाही. रिकाम्या कॅन मात्र सकाळी धुतलेल्या मिळायच्या.

नळ सुरू झाला त्या दिवशी पाटोळे साहेब स्वतः टेकाडावर गेले. बारा वाजता. मीटिंग नाही, फोटो नाही. बाया जेवत होत्या तिथंच बसले. मीही गेले होते. त्यांनी दोन्ही आवाज मोबाइलवर वाजवून दाखवले.

"हा सरळ आवाज झाला की इथं या, जेवा आणि कामाला जा," ते म्हणाले. "हा वर-खाली झाला की इथंच या, पण सरळ आवाज होईपर्यंत उठायचं नाही. आणि चूल पेटवायची नाही."

"म्हंजे एक साधा भोंगा अन् एक रडका भोंगा," शांताबाई म्हणाली.

"हो. तसंच."

"रडका झाला तं जेवाचं का नाई?"

"जेवा ना. गार जेवा."

"गार मी खात नाई."

"मग उपाशी बसा आजी, पण बसा."

बाया हसल्या. शांताबाई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "आजी म्हणते मले. जेवाले बसला तं तिखट नाई चालत म्हणते, अन् आजी म्हणते." पण भाकर तिनेच त्यांच्या हातावर ठेवली. माझ्याकडे मात्र तिने त्या दिवशीही बघितलं नाही.

दिवाळीनंतर कापसाची वेचणी चालू होती. एका सकाळी साडेदहाला सायरन झाला. ड्रिल असली की आम्हाला आधीच माहीत असतं. त्या दिवशी कोणालाच माहीत नव्हतं. गॅस स्टेशनमध्ये एका फ्लॅंजमधून गॅस येत होता. दोन पाइप बोल्ट लावून जिथं जोडतात, त्या जोडाला फ्लॅंज म्हणतात. आम्हा सगळ्यांना बाहेर काढून टेकाडाकडे पाठवलं.

मी धापा टाकत वर पोचले, तर बाया आमच्या आधी तिथं होत्या. ओटीतला कापूस तसाच बांधलेला. लिंबाखाली कोणी नव्हतं. चूल कुठेच नव्हती. शांताबाई नळाजवळ बसली होती आणि एका नव्या बाईला हाताला धरून खाली बसवत होती. "कापूस कोठी पळून नाई जात. रडका हाय तो. बस."

मग मला बघून थोडी सरकली आणि टिनाखाली जागा केली. "ये. उन्हात काहून उभी हायेस?"

मी बसले. आठ महिन्यांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली होती.

पाऊण तासाने सरळ सायरन झाला. व्हॉल्व्ह बंद करून जोड आवळला होता. कोणाला काही झालं नाही. बाया उठल्या, पदर झटकले आणि कापसात गेल्या. बारा वाजता पुन्हा भोंगा झाला तर पुन्हा आल्या, कारण जेवण राहिलं होतं.

त्याचा रिपोर्ट झाला. टेबल पुसताना मी तो पाहिला. मी चौथी शिकलेली, मला हळू वाचता येतं. त्यात लिहिलं होतं, असेम्ब्ली पॉइंटवर पाण्याची सोय स्थानिक सूचनेनुसार केली, ती उपयोगी ठरली. मी ते दोनदा वाचलं आणि कागद जिथल्या तिथं ठेवला.

या सगळ्यातून मला समजलं ते एवढंच. घाबरलेलं माणूस शिकवलेल्या जागी जात नाही. ते रोजच्या जागी जातं. त्याला वाचवायचं असेल तर आधी ते रोज कुठं जेवतं ते विचारावं. आणि ते विचारायला अकरा वाजता ग्रामपंचायतीत जाऊ नये.