आईने घेतलेला इंटरवल

लसणाच्या चटणीचा वास आला, की मला लंडनचं थिएटर आठवतं. नव्वद-एक्क्याण्णव साली आई बदलापूरहून माझ्याकडे आली, तेव्हा मी तिला पाण्यासारखा पैसा ओतलेले दोन सिनेमे दाखवले, एक हिंदी आणि एक इंग्रजी. हिंदी सिनेमाच्या इंटरवलला आम्ही गावी, कुळगावच्या टॉकीजमध्ये खायचो तशी चटणी-चपाती खाल्ली. इंग्रजी सिनेमात मात्र जहाजांची लढाई काही संपेना. "इंटरवल कधी गं?" आईने विचारलं. "इथे नसतो, आई." "सगळा पैसा जहाजांवर घातला! त्यापेक्षा आपला सिनेमा बरा, माणसाची भूक तरी ओळखतो. यांनी इंटरवल नाही दिला, तर आपण घ्यायचा," म्हणत तिने अंधारात डबा उघडला. पुढची अख्खी रांग मागे वळली; आईने माझ्या हातात चपाती ठेवली. अजूनही ऑफिसात मीटिंग लांबली, की मी कोणाला विचारत बसत नाही. सरळ डबा उघडते.