दुपट्ट्याखालचा आकडा

नेटवर्कवरून जे काही जातं, मग तो फोटो असो, निरोप असो की गाणं, ते लहान लहान पॅकेटांमध्ये जातं, आणि प्रत्येक पॅकेटाच्या माथ्यावर एक आकडा असतो. आत कोणत्या जातीचा माल आहे ते तो आकडा सांगतो. सहा असेल तर टीसीपी, सतरा असेल तर यूडीपी. यंत्राला आकडा पुरतो. माणसाला मात्र नाव लागतं, कारण आपणच लिहिलेला कोड काही महिन्यांनी उघडला की हे सतरा म्हणजे काय होतं बुवा, असं होऊन बसतं. अशा आकड्यांना नावं देणारी एक छोटी लायब्ररी मी सांभाळते. लायब्ररी म्हणजे कोणीही फुकट उचलावा आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये बसवावा असा तयार कोड. ओपन सोर्स. त्याचं कोणी काही देत नाही, तक्रारी मात्र जगभरातून येतात.

हे काम मी अमडापूरच्या आमच्या घरी, मधल्या खोलीत बसून करते. पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे, तीही घरूनच चालते. बाबांना लकवा झाला तेव्हा पुण्यातली खोली सोडून मी परत आले. पोरगी काय करते असं कोणी विचारलं की आई सांगते, कम्प्युटरवर बसते. मला पूर्वी याचा राग यायचा. आता वाटतं, याहून नेमकं मलाही सांगता येणार नाही.

बाबा बैलांचे दलाल होते. आमच्याकडच्या बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल हातावर खांद्यावरचा दुपट्टा टाकतात आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं धरून, दाबून आकडा सांगतात. तोंडं दोन दिशांना. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा फक्त त्या दोन हातांना कळतो. मला ती बोटं कधी कोणी शिकवली नाहीत. मुलींना बैलबाजारात नेत नसत, आणि खरं सांगायचं तर मलाही तिथली धूळ आणि शेण नकोच होतं.

लकव्यानं बाबांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समज होती. डोळे सगळं ऐकत होते. पण तोंडातून एकच घोगरा आवाज निघायचा, आणि तो सगळ्याला सारखाच. डावा हात मात्र शाबूत होता. मी जवळ बसले की ते माझी बोटं धरायचे, घट्ट. कधी दोन, कधी चार, कधी सगळी मूठ, मग सोडायचे आणि परत धरायचे. आई म्हणायची, पाणी पाहिजे असंल. आम्ही पाणी द्यायचो. ते एक घोट घ्यायचे आणि उरलेलं उशीवर सांडू द्यायचे. पुन्हा बोटं धरली की पुन्हा पाणी. एकदा त्यांनी भांडं उडवून दिलं तेव्हा मी त्यांच्यावर चिडले. आजारी माणसावर चिडायला नको, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. तरी चिडले.

त्याच दिवसांत परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाची तक्रार आली. माझी लायब्ररी यादीबाहेरचा आकडा आला की त्याचं शून्य करते, आणि हे चूक आहे, असं त्याचं म्हणणं. मी तसं मुद्दामच केलं होतं. माहीत नाही ना, मग शून्य, काम संपलं. त्यानं दाखवून दिलं की अधिकृत यादीत शून्य रिकामं नाही, तो आकडाही कुणाचा तरी आहे. म्हणजे मी अनोळखी माणसाला भलत्याच माणसाचं नाव चिकटवत होते. आणि मूळ आकडा तर गेलाच, तो परत मिळणार कुठून. मी चार ओळींत फटकारलं. जे तुला कळतच नाही ते जपून करणार काय, असं विचारलं. त्याचं उत्तर शांत होतं. त्यानं लिहिलं की मला कळलं नाही तरी ते पुढं ज्याच्याकडं जायचं आहे त्याला कळेल, म्हणून आलं तसं पुढं द्यायचं आहे. मी ते प्रकरण बाजूला ठेवलं.

मग एका दुपारी माश्या फार होत्या म्हणून आईनं बाबांच्या हातावर त्यांचाच जुना दुपट्टा टाकला. माझा हात त्यांच्या हातात होता, तोही झाकला गेला. बाबा बदलले. त्यांनी माझ्याकडून तोंड वळवलं, दाराबाहेरच्या हातपंपाकडं नजर लावली, चेहरा कोरा केला आणि माझी बोटं एकेक करून, अगदी सावकाश दाबली. आई दारात निवडायचं सूप घेऊन बसली होती. तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"अवं माय," ती म्हणाली, "हे तं सौदा करून राह्यले."

आम्ही इतके दिवस त्या सौद्याला पाणी पाजत होतो.

बाबांच्या जोडीला आयुष्यभर एकच व्यापारी होता, साखरखेर्ड्याचा. मी त्यांना चाचा म्हणते. ईदेला त्यांच्याकडचा शीरखुर्मा आमच्याकडं यायचा आणि पोळ्याला आमच्याकडच्या पुरणपोळ्या तिकडं जायच्या. बाजारात मात्र दोघं असे भांडायचे की बघणाऱ्याला वाटावं, आता डोकी फुटतील. त्यांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते चिखलीला गाडी बदलून आले. गुडघ्यांनी पार वाकले होते. बाबांना पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खाटेवर बसले, दुपट्टा मागून घेतला आणि त्याच्याखाली हात घातला. बाबांची नजर हातपंपावर, चाचांची भिंतीवरच्या कॅलेंडरवर. दुपट्टा हलत होता. मला वाटलं, आता कळणार. बाबांना काय पाहिजे, काय राहिलंय, कुणाला काय सांगायचंय, ते आता चाचा सांगतील. मी आईचा हात धरला होता.

बऱ्याच वेळानं चाचा माझ्याकडं वळले. हात दुपट्ट्याखालीच होता.

"आकडा साफ हाय, बेटी. पण कायचा हाय थे नाही समजलं."

कशाचा म्हणजे काय, असं मी जरा तोडूनच विचारलं. त्यांनी समजावलं. बाजारात जनावर समोर उभं असतं. हात फक्त बोटं सांगतो, ती शेकड्याची की हजाराची, या जोडीची की त्या गोऱ्ह्याची, ते समोर बघून कळतं. हाताला सगळं सांगावं लागत नाही.

"अठी बैल कुठी हाय?" ते म्हणाले.

मला हे कळायला नको होतं, पण कळलं. माझ्या कामातही हेच आहे. नुसतं सहा म्हणजे काहीच नाही. एका यादीतलं सहा वेगळं, दुसऱ्या यादीतलं वेगळं, आणि यादी कोणती ते ठाऊक नसेल तर त्या सहाचं करायचं काय. मी म्हटलं, निदान आकडा तरी सांगा. आम्ही लावू काही अर्थ.

चाचांनी मान हलवली. "दुपट्ट्याखालचा आकडा तिसऱ्याले नाही सांगत."

मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला. माणूस मरायला टेकलाय आणि यांना बाजाराचा रिवाज सुचतोय. मग मी त्यांचा नाद सोडून आठवायला बसले, की बाबांनी माझ्या बोटांवर काय दाबलं होतं. आधी चार होती की तीन? मूठ शेवटी होती की मधे? एकही आठवेना. आठवलं ते फक्त पाणी. जे जे आलं त्या सगळ्याचं मी पाणी करून टाकलं होतं, आणि मूळचं काहीही शिल्लक ठेवलं नव्हतं.

बाबा अजून वाट बघत होते. त्यांनी आकडा दिला होता आणि समोरचा हात गप्प होता. चाचांनी आईला विचारलं, भाभी, हो म्हणू का. आई म्हणाली, म्हणा. बैलाचे दात बघितल्याशिवाय, त्याला चालवून बघितल्याशिवाय या माणसानं कधी हो म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं. दुपट्टा एकदा जोरात हलला. बाबांनी श्वास सोडला आणि बोटं ढिली केली.

त्यानंतर बाबांनी कुणाची बोटं धरली नाहीत. चाचा गेल्यावर मी दुपट्टा टाकून बघितलं, त्यांच्या तळहातात माझा हात ठेवला, तोंडही फिरवलं. ते हातपंपाकडं बघत राहिले. सौदा झाला होता, आता कशाला बोलतील. मला वाटतं, त्या बोटांमुळंच ते इतके दिवस टिकले होते, आणि ते काम आम्हीच संपवून टाकलं. डॉक्टरांचं मत अर्थातच वेगळं होतं. त्याच आठवड्यात, सकाळचा चहा चुलीवर असताना बाबा गेले.

सुतकात कुणी माझ्याशी बोलू नये म्हणून मी मधल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायची. तेव्हा ती तक्रार परत वाचली आणि कोड बदलला. आता यादीबाहेरचा आकडा आला की माझी लायब्ररी त्याला 'अनोळखी' म्हणते आणि तो आकडा जसाच्या तसा त्याच्याजवळ ठेवते. बदल मोजून थोड्या ओळींचा आहे. त्या माणसानं आभार मानले.

तेरवीला चाचा आले. जेवले, आईजवळ बसले, आणि निघताना ओसरीवर मला थांबवलं. मी काही विचारलं नव्हतं. विचारायचं नाही असं ठरवूनच बसले होते.

"सौद्याले दोन हात लागते, बेटी," ते म्हणाले. "त्याचा तं गेला. आता दुसरा हात तुहा."

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्या हातावर टाकला आणि खाली हात घातला. तोंड रस्त्याकडं केलं. मीही दुसरीकडं बघितलं. त्यांनी घाई केली नाही. एकदा दाबून झाल्यावर परत एकदा पहिल्यापासून दाबलं, माझी चूक होऊ नये म्हणून. मग दुपट्टा झटकला, खांद्यावर घेतला आणि गाडी चुकेल म्हणत स्टँडकडं गेले.

आकडा माझ्याजवळ आहे. तो कशाचा आहे हे मला माहीत नाही. किती आहे, ते इथं लिहिता येणार नाही.