अप्पांच्या हातातला फोन

ब्राह्मणपुरीच्या भजनी मंडळाच्या तालमींचं रेकॉर्डिंग आमचा भटू त्याच्याच घरी करतो. सामान म्हणाल तर एक मोबाइल, तो आढ्याला टांगायला दोरी, आणि केळी लावणाऱ्या शेतकऱ्याला असावा लागतो तेवढा धीर. माईक हलवायची सोय नाही, म्हणून भटू माणसं हलवतो. पेटी फोनखाली, पखवाज दाराशी. आणि कानठळ्या बसवणारे झांजवाले पितांबर अप्पा? अंगणात, गोठ्यापाशी.

"भटू, मी काय म्हैस शे का?" अप्पा गरजायचे.

"नही वो अप्पा," भटूची बायको प्रमिलाबाई आतून म्हणायची, "तुमनी झांज ऐकीसन म्हैस दूध चोरस!"

यंदा शहाद्याच्या भजनस्पर्धेने निवडीसाठी एका अभंगाचं अखंड रेकॉर्डिंग मागवलं. मंडळ कधीच तिथवर पोचलेलं नाही, आणि पाठवायचा तो शेवटचा दिवस. अभंग रंगात आला, की भटूचा फोन वाजे आणि रेकॉर्डिंग तुटे. फोन करणारी कोण, तर त्याच्याच विहिरीवरची मोटर! शेतात लाईट आली-गेली, की मोटरीचा सिमकार्डवाला स्टार्टर मालकाला फोन करतो. फोन बंद ठेवावा, तर तिकडे केळी पाण्यावाचून माना टाकणार. बाकीच्यांच्या फोनांनाही आपापल्या मोटरी लटकलेल्या. मोकळा फोन एकच. शेती पोरांवर सोपवलेल्या अप्पांचा.

अप्पा गोठ्यापाशीच ऐटीत बसले. "फोन देसू. पण तो मन्हा हातमा ऱ्हाई. अन् मी मधमा बससू!"

मंडळ हबकलं. झांज मधोमध? भटू मात्र लगेच म्हणाला, "बठा अप्पा. दोन्ही हातमा धरा. हालशात ते आवाज हाली."

अप्पा फोन धरून गादीवर विराजमान झाले. अभंग सुरू झाला आणि अप्पांच्या ध्यानात आलं, की झांजेलाही दोन्ही हात लागतात. त्यांनी भटूकडे असं पाहिलं, की त्याने डोळेच मिटून घेतले. पण अप्पांचा हात हलला नाही. झांजेच्या जागी अप्पा ओठातल्या ओठात "छन्... छन्..." करत राहिले. अभंग अखंड झाला.

चार दिवसांनी निवडीचा फोन आला. "झांज फार संयमानं वाजवलीय हो! कोण वाजवतं?"

"मी!" अप्पांनी भटूच्या हातून फोन ओढून घेतला.

स्पर्धा रविवारी आहे. अप्पा अंगणात बसून मोठी झांज चिंचेनं लखलखीत घासताहेत. आणि भटू घरभर फिरतोय. स्टेजवर अप्पांच्या दोन्ही हातांत काय द्यावं, ते शोधत.